माग, खाच आणि सत्तावीस मिलिमीटर

तबकडीवरच्या दोन रचनांच्या मधल्या कोऱ्या खाचेतून सुई चालली होती. स्पीकरमधून हूं नाही की चूं नाही, आणि तरी वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, कोन (शंकूसारखा पडदा) आतबाहेर हलत होता. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर. मागच्या भिंतीला लागून कारखाना, कारखान्यात चादरीचे माग. कोन मागाच्या ठोक्याला धरून हलत होता असंही म्हणता येईना. मध्येच जोर धरायचा, मग मंदावायचा, जवळजवळ थांबायचा आणि पुन्हा उसळायचा. पुढची सतार सुरू झाली तेव्हा खर्जाच्या तारेवर एक मळकट थरथर बसलेली ऐकू आली. ती वाजवणाऱ्याच्या बोटांत नव्हती, तबकडीतही नव्हती. टर्नटेबलखाली स्प्रिंगचे चार पाय होते, कंप अडवण्यासाठी खास मागवलेले, चकचकीत. ते काढून टर्नटेबल तसंच टेबलावर ठेवलं, तर कोनाची हालचाल कमी झाली. पूर्ण गेली नाही, पण डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली.

कंप अडवायला आणलेली स्प्रिंगच कंप वाढवत होती.

हे कोडं डोक्यातून जाईना, कारण स्प्रिंग निवडताना बहुतेक लोक जे बघतात ते सगळं त्या पायांत होतं. बोटाने दाबले की दबत, सोडले की झुलत, वर बसवलेलं यंत्र हलकेच डुलत असे. डुलतंय म्हणजे जमिनीपासून सुटलंय असं मन लगेच धरून चालतं. पण स्प्रिंग सगळे कंप गाळणारी चाळणी नाही. तिची स्वतःची एक चाल असते, दाबून सोडली की सेकंदाला किती वेळा झुलते ती. त्या चालीच्या बऱ्याच वर जे कंप आहेत ते ती अडवते, खालचे जसेच्या तसे वर पोचवते आणि स्वतःच्या चालीशी जुळणारे मोठे करून देते. म्हणून स्प्रिंगचा विचार स्प्रिंगपासून सुरू करणं मला पटत नाही. आधी जमिनीत काय आहे ते बघावं, मग सुईला काय सोसत नाही ते बघावं, आणि या दोन्हींच्या मध्ये जी फट सापडेल तिथे स्प्रिंग बसवावी.

सोलापूरच्या जमिनीला ठोक्यांची सवय जुनी आहे. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, मग एकामागून एक गिरण्या आल्या, भोंग्यावर घड्याळं लावण्याचे दिवस आले आणि गेलेही. माग मात्र राहिले. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, दत्त नगर या बाजूला घर आणि कारखाना यांच्यात बऱ्याचदा एकाच भिंतीचं अंतर असतं. तिथे वाढलेल्या माणसाला मागाचा आवाज ऐकू येत नाही. माग थांबले की तेवढं कळतं, वीज गेली हे. तळव्यांना शहाबादी फरशीतून येणारी ती बारीक धडधड, पिण्याच्या तांब्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं, भांड्यांच्या मांडणीतला एखादा वाजणारा डबा, हे सगळं घराचाच भाग होऊन गेलेलं. आणि याच घरांत तबकड्याही आहेत. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एका गल्लीत बोलली जाते, तशा एकाच पेटीत मिसळलेल्या. पूर्वी त्या एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीवर वाजत आणि मागाची तक्रार कुणी करत नसे. त्याला कारण आहे. त्या पेटीचं पिकअप सिरॅमिक, सुईचा भार चार-पाच ग्रॅम, स्पीकर तळहाताएवढा. दहा हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा झोक्यांचा, कंप तिथे पोचला तरी तो दाखवायला यंत्रात काहीच नव्हतं. आजचं मॅग्नेटिक काट्रिज, म्हणजे सुई बसवलेलं पिकअप, दीड-दोन ग्रॅमवर चालतं, त्याचा सस्पेन्शनचा रबर मऊ असतो आणि पुढे आठ इंची वूफर असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो आणि वाजवताना फोनो स्टेज, म्हणजे काट्रिजचा आवाज मोठा करणारा पहिला टप्पा, तो पुन्हा उचलते. 1000 हर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झला नऊपटीहून जास्त. जमिनीतून आलेलं जे काही खाली असेल, तेही त्याबरोबर उचललं जातं.

सुईला काय सोसत नाही, हे काढायला एक छोटा हिशोब पुरतो. टोनआर्मचं (काट्रिज धरणाऱ्या दांड्याचं) परिणामी वजन आणि काट्रिजचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करायची, तिला काट्रिजच्या लवचीकतेच्या आकड्याने गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि 159 ला त्याने भागायचं. आर्म 12 ग्रॅम, काट्रिज 6 ग्रॅम, लवचीकता 20 असेल तर गुणाकार 360, वर्गमूळ जवळजवळ 19, उत्तर 8.4 हर्ट्झ. या वारंवारतेला आर्म आणि सुई एकमेकांविरुद्ध हलतात आणि काट्रिजला तो आवाजच वाटतो. हे उत्तर 8 ते 12 च्या मध्ये असावं असा सर्वमान्य संकेत आहे, कारण त्याच्या खाली तबकडीच्या वाकडेपणाचे कंप असतात आणि वर संगीत सुरू होतं. काही जपानी कंपन्या लवचीकता 100 हर्ट्झला मोजून छापतात. तो आकडा तसाच घेऊ नये, दीडपट ते दुप्पट धरावा, नाहीतर उत्तर खऱ्यापेक्षा वरचं येतं. एकूण काय, 8 ते 12 हर्ट्झ हा सुईचा दुखरा भाग. तिथे बाहेरून काहीही पोचता कामा नये.

आता मागाकडे. साधा धोट्याचा यंत्रमाग मिनिटाला साधारण 110 ते 150 ठोके देतो. 120 धरले तर सेकंदाला दोन, म्हणजे 2 हर्ट्झ. फक्त 2 हर्ट्झच असते तर काळजी नव्हती. इतक्या संथ हालचालीत टर्नटेबल, आर्म, सुई सगळं एकत्र हलतं, सुई आणि खाच यांच्यात फारसा फरक पडत नाही. पण मागाचं हलणं गुळगुळीत नसतं. फणी येऊन कापडावर आपटते, धोटा एका पेटीतून सुटतो आणि दुसऱ्या पेटीत धडकतो. असा प्रत्येक धक्का 2 च्या पटीत 4, 6, 8, 10 असे कंप सोडत जातो. त्यातले 8 आणि 10 नेमके सुईच्या दुखऱ्या भागात येतात. आणि माग एक नसतो. शेजारच्या दोन मागांचा वेग कधी तंतोतंत सारखा नसतो. एक 118 चा, एक 121 चा. त्यांचे ठोके कधी एकावर एक पडतात, कधी एकमेकांना खोडतात. कोन मध्येच उसळतो आणि मध्येच थांबतो तो यामुळे.

स्प्रिंगची चाल काढणं याहून सोपं आहे. वजन ठेवल्यावर स्प्रिंग मोकळ्या उंचीपेक्षा किती मिलिमीटर खाली बसते तेवढंच मोजायचं. त्याचं वर्गमूळ काढून 15.8 ला भागायचं. 1 मिलिमीटर बसली तर 15.8 हर्ट्झ, 4 बसली तर 7.9, 9 बसली तर 5.3, 16 बसली तर जवळजवळ 4, 25 बसली तर 3.2. स्प्रिंग कुठली, किती महाग, तार कसली, याचा या हिशोबात संबंध नाही. त्या घरातले पाय 5-6 किलोच्या हलक्या टर्नटेबलखाली जेमतेम 3 मिलिमीटर बसले होते, कारण ते त्याहून कितीतरी जड यंत्रासाठी वळलेले होते. 3 चं वर्गमूळ 1.73, उत्तर 9.1 हर्ट्झ. म्हणजे खाली 9 ला झुलणारी स्प्रिंग, वर 9 च्या आसपास झुलणारा आर्म आणि जमिनीतून 8 आणि 10 चे धक्के. यापेक्षा वाईट जुळणी ठरवूनही करता आली नसती. पाय काढल्यावर कोन शांत होणारच.

अडवण्याचं गणितही ठरलेलं आहे. कंपाची वारंवारता स्प्रिंगच्या चालीच्या 1.4 पटीच्या वर गेली की अडवणूक सुरू होते, त्याखाली वाढच होते. दुप्पट असेल तर एक तृतीयांश वर पोचतं, तिप्पट असेल तर एक अष्टमांश, पाचपट असेल तर चोविसावा भाग. सुईचा दुखरा भाग 8 पासून सुरू होतो. त्याला नीट वाचवायचं तर स्प्रिंग 3 हर्ट्झच्या आसपास हवी. 1961 साली एडगर विल्चर यांनी एआर कंपनीचं टर्नटेबल आणलं, त्यात प्लॅटर (तबकडीखालची फिरती थाळी) आणि आर्म एकाच तरंगत्या चौकटीवर ठेवले होते, ते याच हिशोबाने. नंतर थोरन्स आणि लिन या कंपन्यांनी तीच वाट धरली. पण त्या मंडळींसमोर चालणाऱ्या माणसाची पावलं आणि लाकडी जमीन होती. इथे माग आहेत, म्हणून 3 च्या आसपास म्हणजे नेमकं कुठे, हे आपलं आपण ठरवावं लागतं. 110 ते 150 ठोक्यांच्या मागांची मूळ चाल 1.8 ते 2.5 हर्ट्झ, त्यांची दुप्पट 3.7 ते 5 हर्ट्झ. स्प्रिंग 4 वर ठेवली तर ती थेट त्या दुप्पटीवर बसते आणि टर्नटेबल दिवसभर डोलत राहतं. 2 वर ठेवावी तर मूळ ठोका पकडला जातो, आणि स्प्रिंग 62 मिलिमीटर बसवावी लागते, जी कलंडल्याशिवाय राहत नाही. मधली मोकळी जागा 2.5 ते 3.7. तिच्या मध्यावर 3 हर्ट्झ. बसणं हवं 27 ते 28 मिलिमीटर.

सोलापुरात स्प्रिंग निवडायची तर हा सत्तावीसचा आकडा धरून बसावं.

एवढं बसायला वजन लागतं, आणि ते वजन टर्नटेबलकडे नसतं. 6 किलोच्या यंत्राला 27 मिलिमीटर बसवायला स्प्रिंग इतकी मऊ घ्यावी लागेल की तबकडी उचलताना लागलेल्या हाताच्या धक्क्यानेही ती हेलकावेल. म्हणून खाली दगड घ्यावा. या गावात दगड ही मुबलक गोष्ट आहे. शहाबाद रेल्वेने फार लांब नाही. 45 बाय 35 सेंटीमीटर, 3 सेंटीमीटर जाडीचा शहाबादीचा तुकडा साडेबारा किलोच्या आसपास भरतो. कडप्पाही चालतो. मशीनवर कापलेल्या कडा घ्याव्यात, आणि दगड बोटाने वाजवून बघावा. चिरफळी असलेला तुकडा फुटका आवाज देतो, तो घेऊ नये. दगडाच्या खालच्या अंगाला 12 मिलिमीटरचं प्लायवूड चिकटवावं. त्यामुळे दगडाचं खणखणणं मरतं आणि स्प्रिंग सरकू नये म्हणून उथळ गोल खाचा पाडायला जागा मिळते. टर्नटेबलचे कंपनीचे रबरी पाय तसेच राहू द्यावेत. दगडाचा दुसरा फायदा मला वजनापेक्षाही मोठा वाटतो: सगळ्याचा गुरुत्वमध्य खाली येतो, आणि मऊ स्प्रिंगवर उंच वस्तू जी झुलते ती झुलत नाही.

यंत्र 6 आणि दगड साडेबारा, एकूण साडेअठरा किलो. चार स्प्रिंग असतील तर प्रत्येकीवर 4.6 किलो, म्हणजे 45 न्यूटन. 27 मिलिमीटर बसायला कडकपणा हवा मिलिमीटरला सुमारे 1.7 न्यूटन. असा कडकपणा अनेक आकारांत मिळतो, आणि निवड खरी इथे असते. 2 मिलिमीटर तार, मधला व्यास 24, सात कामाचे (प्रत्यक्ष दबणारे) वेढे घेतले तर 1.63 येतो. अडीच मिलिमीटर तार, मधला व्यास 32, सात कामाचे वेढे घेतले तर 1.68. आकड्यांत दोघी बहिणी, पण मी दुसरीच निवडेन. पहिली भाराखाली 38 मिलिमीटर उंच आणि 24 रुंद राहते. आडव्या धक्क्याला ती लवकर झुकते. दुसरी 43 उंच आणि 32 रुंद, ती ठाम उभी राहते. रुंद आणि बुटकी स्प्रिंग नेहमी बरी. वरखाली मऊ असणं जितकं हवं, तितकंच आडवं भरकटणं नको असतं.

अशी स्प्रिंग तयार मिळण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. मोटारसायकलच्या क्लचच्या, इंजिनच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंग सहज मिळतात, पण त्या या भाराला जागच्या हलतही नाहीत. मागाच्या सुट्या भागांच्या दुकानात डॉबीच्या स्प्रिंग टांगलेल्या असतात, त्या ताणाच्या. त्यांना टांगून वापरता येतं, फक्त त्यांचे वेढे मुळातच एकमेकांवर दाबून वळलेले असतात, सुरुवातीचा काही भार लांबी न वाढताच जातो. तिथे 15.8 चा हिशोब फसवतो. आधीच्या भारावर अजून एक किलो टांगून किती मिलिमीटर वाढ होते ते मोजून कडकपणा काढावा लागतो. त्यापेक्षा अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला स्प्रिंग वळून देणारा गाठावा आणि कागदावर लिहून द्यावं: तार अडीच मिलिमीटर, स्प्रिंग स्टील, बाहेरचा व्यास साडेचौतीस, एकूण वेढे नऊ, त्यातला वरचा एक आणि खालचा एक मिटलेला, दोन्ही तोंडं घासून सपाट, मोकळी उंची 70. पूर्ण दाबली तर नऊ वेढ्यांचे साडेबावीस मिलिमीटर होतात. 27 बसून 43 उरतात, म्हणजे खाली वीस मिलिमीटरची मोकळीक राहते. ही मोकळीक कधी कापू नये. वेढ्याला वेढा टेकला की स्प्रिंग संपली, तिथून पुढे तो लोखंडाचा ठोकळा आहे. वळल्यावर 200 ते 250 अंशांवर अर्धा तास भाजून घ्यायलाही सांगावं आणि नंतर पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडायला. हे केलं नाही तर स्प्रिंग भाराखाली हळूहळू उंची सोडत जाते, चारही वेगवेगळ्या प्रमाणात.

कारागिराला अगदी नेमकं सांगितलं तरी तयार मालात फरक येतो, आणि कुठला फरक किती महागात पडतो ते ठाऊक हवं. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. अडीचऐवजी 2.4 ची तार पडली तर स्प्रिंग 15 टक्के मऊ होते. व्यास तिसऱ्या घातात. 32 चा 33 झाला तर 9 टक्के मऊ. एक वेढा कमी पडला तर सुमारे 17 टक्के कडक. म्हणून व्हर्निअर तारेवर आधी लावावा, उंचीवर नंतर. चार हव्या असतील तर सहा वळून घ्याव्यात. मग प्रत्येकीवर किराणा दुकानातली लोखंडी वजनं ठेवून उंची मोजावी. 1.68 ची स्प्रिंग 1 किलोला 5.8 मिलिमीटर बसते, 3 किलोला साडेसतरा. सहांतल्या ज्या चार एकमेकींच्या सर्वांत जवळ आहेत त्या ठेवाव्यात. वजन डोलतं, म्हणून स्प्रिंगच्या आत एक सैल नळी उभी करावी. ती प्रत्येक मोजणीला एकाच जागी राहिली पाहिजे आणि तारेला घासता कामा नये.

स्प्रिंग चार कोपऱ्यांत चार, हा सवयीचा प्रकार. पण टर्नटेबलचं वजन मध्यात नसतं. प्लॅटर डावीकडे, आर्म उजवीकडे, मोटर कुठेतरी मागे. कोपऱ्यात सारख्या स्प्रिंग लावल्या की एक बाजू बसते, मग लोक तिथे कडक स्प्रिंग लावतात, आणि चारही कोपऱ्यांची चाल वेगळी होऊन सगळं तिरकं झुलू लागतं. स्प्रिंग सारख्याच ठेवाव्यात, जागा बदलाव्यात. दगड आणि त्यावर टर्नटेबल, प्लॅटर आणि एक तबकडी यांसह, एका गोल पाइपावर आडवं ठेवून पुढेमागे सरकवावं. ज्या रेषेवर ते तोललं जातं ती खडूने खालच्या प्लायवर आखावी. मग नव्वद अंशांत फिरवून दुसरी रेषा. दोन माणसं लागतात, आणि आर्म आधी बांधून ठेवावा. दोन रेषा जिथे छेदतात तो मध्य. त्याच्यापासून चारही स्प्रिंग सारख्या अंतरावर, जमतील तितक्या लांब पसरून ठेवल्या की पाणसळ जवळजवळ आपोआप लागते. उरलेला एखादा मिलिमीटर प्लॅस्टिकच्या चकत्या घालून भरावा. 27 मिलिमीटर बसलेल्या स्प्रिंगला खालच्या फरशीतला एका मिलिमीटरचा उंचसखलपणा फारसा जाणवत नाही. 3 मिलिमीटर बसलेलीला तो एक तृतीयांश असतो.

नुसत्या पोलादाला झुलणं थांबवता येत नाही. दगड हलकेच पाच मिलिमीटर दाबून सोडला तर तो वीस-पंचवीस झोके घेत राहतो, आणि दार जोरात आपटलं की तेवढाच वेळ सुईला सोसावं लागतं. स्प्रिंगच्या पोकळीत फोमची गुंडाळी घालावी, वेढ्यांना आतून जेमतेम टेकेल अशी. चार-पाच झोक्यांत हलणं संपलं पाहिजे. फोम ठासून भरला तर झोके एकदम संपतात आणि मनाला फार बरं वाटतं, पण तेव्हा भार स्प्रिंगवर न राहता फोमवर जातो आणि वरचे कंप त्यातून थेट चढतात. फोम घातल्यावर उंची पुन्हा मोजावी. 43 ची 44 झाली तर चालेल, 46 झाली तर फोम काढून कमी करावा. आणखी एक गोष्ट बरेच जण सोडून देतात. स्प्रिंगच्या वेढ्यांची स्वतःची एक लहर असते, तारेतून वरखाली धावणारी. या मापाच्या स्प्रिंगला ती सव्वाशे हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे ऐकू येणाऱ्या सुरांत. तिथे स्प्रिंग अडवत नाही, उलट वाट करून देते. प्रत्येक स्प्रिंगच्या वर आणि खाली 3 मिलिमीटरची रबराची चकती दिली की ती वाट बंद होते. नखाने वेढा छेडून बघावा: चकतीशिवाय टणकन वाजतो, चकतीसह मुका होतो.

इतकं करून एखादी वायर सगळं फुकट घालवते. आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीएची जाड केबल आणि अर्थिंगची तार टर्नटेबलपासून भिंतीपर्यंत ताठ गेली असेल तर ती पाचवी स्प्रिंग होते, आणि तीही कडक. मऊ केबल घ्यावी, मोठा सैल वळसा द्यावा, आणि त्या वळशाचा मधला भाग टेबलाला बांधावा म्हणजे बाहेरची ओढ तिथेच संपते. ज्या टर्नटेबलची मोटर वेगळ्या डब्यात असते तिचा डबाही त्याच दगडावर यायला हवा. दगड झुलतो आणि मोटर जमिनीवर, असं झालं की पट्टा क्षणाक्षणाला ताणतो आणि सुरात हेलकावा येतो. स्पीकर वेगळ्या टेबलावर, शक्य तर वेगळ्या भिंतीला. आणि ज्या टर्नटेबलला आतच तरंगती चौकट आहे, एआर, थोरन्सचं 150, लिनचं एलपी 12, त्याखाली हा प्रकार करू नये. दोन मऊ झोके एकावर एक ठेवले की ते एकमेकांशी ऊर्जा देवघेव करत बसतात. त्या यंत्रांना हलकं, ताठ टेबल आवडतं.

स्प्रिंग बसल्यावर पारख करायला मोबाइल पुरतो, काही अंशी. फायफॉक्स नावाचं मोफत अॅप फोनच्या सेन्सरमधून कंपाची वारंवारता दाखवतं. फोन दगडावर ठेवून दगड हलकेच दाबून सोडला की 3 च्या जवळ टोक उभं राहिलं पाहिजे. तोच फोन माग चालू असताना फरशीवर ठेवला तर मागाची चालही कधी कधी दिसते, पण फोनचा सेन्सर बारीक कंपांना कच्चा आहे. काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं समजू नये. सुईइतका चांगला सेन्सर घरात दुसरा नाही. मोटर बंद, प्लॅटर थांबलेला, जुन्या तबकडीवर सुई टेकवलेली, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर. मग टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करावी आणि वूफरकडे बघावं. स्प्रिंगशिवाय ठक् ऐकू येतं आणि कोन उडी मारतो. नीट बसलेल्या स्प्रिंगवर कोन फार तर एकदा संथ श्वास घेतल्यासारखा हलतो. आवाज भलता वाढवू नये, नाहीतर स्पीकरचा नाद सुईत शिरून घुमत जातो. आणि सुई आधी ब्रशने साफ करावी. या भागातल्या हवेत सुताचे तंतू असतात, ते सुईवर गोळा झाले की पारख चुकते.

स्प्रिंगला जे जमत नाही तेही आहे. गावात आता वेगवान माग आले आहेत, मिनिटाला 240 ठोक्यांचे. त्यांची मूळ चाल 4 हर्ट्झ, आणि ती 3 च्या स्प्रिंगला खूप जवळ पडते. अडवणूक तर सोडाच, थोडी वाढच होते. त्याला 2.2 हर्ट्झची स्प्रिंग लागेल, 51 मिलिमीटर बसणारी, आणि घरात वापरायला ती मला योग्य वाटत नाही. तिथे खोली बदलणं हाच उपाय: कारखान्याच्या भिंतीपासून सर्वांत लांबची, तळमजल्यावरची, जोत्यावर बांधलेली. भिंतीत ठोकलेली फळी अनेक ठिकाणी उत्तम काम देते, पण भिंत कारखान्याशी सामायिक असेल तर फळीवरचं टर्नटेबल सरळ मागालाच बांधलं जातं. मधल्या, सुट्या भिंतीवर मात्र फळी आणि तिच्यावर हीच दगड-स्प्रिंगची जोडी, हे मी पाहिलेल्यांत सर्वांत शांत. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडच्या बाजूला घराला लागून माग फारसे नसतात. तिथे गतिरोधकावरून जाणारे ट्रक असतात, त्यांचे जमिनीतले कंप बरेचसे 10 हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वरचे. त्यांना 4 हर्ट्झची स्प्रिंगही पुरते, 16 मिलिमीटर बसणारी, आणि ती जास्त ठाम उभी राहते. तिथे सत्तावीसचा हट्ट नको.

पोलादाला सोलापूरच्या उन्हाळ्याचं काही वाटत नाही. 43 अंशांत स्प्रिंगचा कडकपणा मोजण्याइतका बदलत नाही, आणि हवा कोरडी असल्याने गंजही कमी. फोम आणि रबर मात्र इथे लवकर जातात. फोम पिवळा पडून चुरा होतो, रबराच्या चकत्या ताठरतात आणि सव्वाशे हर्ट्झची ती वाट पुन्हा उघडते. वर्षातून एकदा, मे उलटला की, दगड उचलून फोम आणि चकत्या बदलाव्यात. त्याच वेळी चारही स्प्रिंगची भाराखालची उंची स्टीलच्या पट्टीने मोजून दगडाच्या खालच्या प्लायवर तारखेसह पेन्सिलने लिहून ठेवावी. पहिल्या महिन्यात एखादा मिलिमीटर उतरला तर ते स्वाभाविक आहे. त्यानंतरही एकच कोपरा उतरत राहिला तर ती स्प्रिंग नीट भाजलेली नाही; जादा वळून घेतलेल्या दोनांपैकी एक तिथे लावावी आणि पाणसळ पुन्हा बघावी.